चौथ्या खांबापाशी चंद्रानं दिलेला आऊट

चंद्रा गेली. आता माझं खोटं माहीत असलेलं कुणी उरलं नाही.

सकाळी निपाणीहून तिच्या भाच्याचा मेसेज आला. मी वाचला, फोन उपडा ठेवला आणि तशीच बसून राहिले.

वय ब्याण्णव. आता रडायचं म्हटलं तरी दम लागतो.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बेळगावातली आमची मुलींची शाळा. चंद्रा निपाणीजवळच्या खेड्यातली, जैन शेतकऱ्याची मुलगी. बोर्डिंगात राहायची. वर्गात माझ्या शेजारी बसायची.

मार्थाबाई आम्हाला राउंडर्स शिकवायच्या. आखूड लाकडी बॅटनं चेंडू मारायचा आणि चार खांबांना हात लावत पळायचं. चौथ्याला हात लागला की एक गुण; त्याआधी चेंडू खांबाला टेकला की आऊट.

नियमांवरून रोज भांडणं. एका खांबापाशी दोघींनी थांबायचं नाही, मागची आली की पुढचीनं पळायचंच, हे पोरींना पटायचं नाही.

चंद्राला सगळे नियम पाठ. कुणी अडलं की तिलाच विचारायचे.

सहावी विरुद्ध आमची सातवी अशी फायनल ठरली. जिंकणारा वर्ग कोल्हापूरला खेळायला जाणार.

माझं लग्न ठरलं होतं. उचगावचं घर. परीक्षा झाली की शाळा बंद. मी बेळगावच्या बाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. कोल्हापूर तेवढं एकदा बघायचं होतं.

चंद्राचा पाय मुरगळला होता, म्हणून बाईंनी तिला चौथ्या खांबापाशी अंपायर केलं.

सहावीच्या पोरी कुरकुरल्या. "बाई, ती सातवीचीच की."

बाई म्हणाल्या, "असू दे. ती बघून सांगेल."

दोन्ही वर्गांची बरोबरी झाली. मी तिसऱ्या खांबाला धरून उभी. मागून आमची शांता धावत आली. ती पोचली म्हणजे मला सुटायलाच हवं.

परकर खोचलेला होता. जीव तोडून पळाले.

चेंडूही निघाला होता. मी हात लांब केला. खांब चार बोटं लांब राहिला आणि मी पुढे निघून गेले. मागोमाग चेंडू खांबाला टेकला.

चंद्रा म्हणाली, "आऊट."

बॅट धरायला आमची कुणी उरली नव्हती, म्हणून आमचा डाव तिथंच संपला. पुढच्या डावात सहावीनं गुण काढला.

सातवीच्या पोरी चंद्राला घेरून उभ्या. बाईंनी मला बाजूला घेतलं.

"इंदू, हात लागला होता का?"

"व्हय बाई. लागलेला."

चंद्रा माझ्याकडं बघत होती.

बाई म्हणाल्या, "निकाल अंपायरचा. बदलणार नाही."

सहावी कोल्हापूरला गेली. चंद्राही सातवीचीच. तिचंही जाणं हुकलं, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

नंतर महिनाभर बोर्डिंगात तिच्याशी कुणी बोललं नाही. तिच्या पंगतीला कुणी बसेना. मी वर्गात जागा बदलली.

एका शब्दाचं काम होतं. माझ्यानं झालं नाही.

मी उचगावला सासरी गेले. चंद्रा मॅट्रिक झाली, निपाणीत मास्तरीण झाली. पोरींना खेळ शिकवायची, असं कानावर यायचं.

मधे चाळीस वर्षं गेली. निपाणीत एका लग्नात ती समोर आली. पांढरे केस, चष्मा.

जेवणं झाल्यावर मांडवाच्या कडेला दोघी बसलो. मी म्हटलं, "चंद्रा, त्या दिवशी माझा हात लागला न्हवता."

"ठाव हाय मला."

"तुला दिसलं हुतं?"

"न्हाय गं. तू मधी आलीस, खांबच दिसला न्हाय."



"मग आऊट कसं दिलंस?"

"तू पुढं जाऊन खांबाकडं वळून बघितलंस. हात लागलेली पोरगी कशाला वळून बघंल?"

मग म्हणाली, "पर महिनाभर वाटत हुतं, चुकलं तर न्हाय माझं? तू एवढं ठाम बोललीस."

तिला वाळीत टाकलं त्यापेक्षा हे मला जड गेलं. स्वतःच्याच डोळ्यांवरचा तिचा भरवसा मी महिनाभर हलवला होता.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. पान खातीस?"

त्यानंतर ती दर दिवाळीला फोन करायची. आम्ही गुडघ्यांविषयी बोलायचो.

आज निपाणीला जायला हवं होतं. डॉक्टर नको म्हणाले, आणि मीही हट्ट केला नाही.

चंद्रा, तुझा निकाल बरोबर होता. त्या पोरींसमोर म्हणायचं राहिलं, म्हणून हे इथं वाचणाऱ्या सगळ्यांसमोर लिहिते.

तुला माझा शेवटचा नमस्कार.

— इंदू