घरचं पोतं

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, किराणा विकतात आणि मी त्यांच्या समोरच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करतो. घड्याळं हल्ली फारशी कुणी दुरुस्त करून घेत नाही, त्यामुळे दाजींच्या दुकानाकडे बघत बसणं हाच माझा खरा धंदा. सव्वीस वर्षं बघतोय.

दाजींची एक विद्या आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते आधी त्याचे पाय बघतात. बूट असले तर पुढच्या पोत्यातला तांदूळ, बरी चप्पल असली तर मधल्यातला, टाच झिजलेली दिसली की मागच्यातला. भाव ज्या त्या पोत्याचा, लबाडी अजिबात नाही. फक्त कुठला हवा हे विचारायची पद्धत नाही. विचारलं की माणूस ऐपतीपेक्षा एक पोतं पुढचं सांगतो आणि मग महिनाभर कुढत बसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हा लोकांवर केलेला उपकार वाटतो. मला चक्क आगाऊपणा वाटतो, पण मेहुण्याने किती बोलायचं, म्हणून मी गप्प असतो.

चौकात काचेच्या दारांचं मोठं किराणा दुकान निघालं, सगळे त्याला काचेचं दुकान म्हणतात, आणि या विद्येला घरघर लागली. बूटवाले एकजात तिकडे गेले. तिथली छापील पिशवी हातात असली की ते पलीकडच्या फुटपाथने जातात आणि दाजी दिसले की आभाळात बघतात. ऐन स्वयंपाकात मीठ संपलं तरच आमच्या बाजूला येतात, तेही घाईघाईत. दाजींनी त्यांचं नाव 'मीठवाले' ठेवलंय. नुसती पिशवी मिरवायला तिकडे जातात, असं ते दुकानात बसून चारचौघांना ऐकवत.

मंगळवारी दुपारी ते अर्धं शटर ओढून माझ्याकडे आले. खिशातून घडी घातलेलं एक रिकामं पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. काचेच्या दुकानातल्या तांदळाचं. त्यांना ते स्वतःच्याच स्वयंपाकघरात डब्यामागे सापडलं होतं.

"किराणावाल्याच्या घरात दुसऱ्याचा तांदूळ," ते म्हणाले. "का रे?"

मला काय माहीत का? कुणी भेट दिला असेल, मी म्हटलं. तांदूळ कोण भेट देतं, ते म्हणाले. पाहुण्यांसाठी आणला असेल म्हणावं, तर घरी पाहुणेच आले नव्हते. मग त्यांच्या मनात भलतंच यायला लागलं. ताईची मीठवाल्या बायकांत ऊठबस सुरू झाली की काय, दुकानदाराची बायको म्हणवून घ्यायची तिला लाज वाटते की काय. गल्लीत कळलं तर उरलीसुरली गिऱ्हाइकंही जातील ही धास्ती होतीच. पण त्याहून जास्त त्यांना तिच्या लपवण्याचं लागलं होतं. सरळ तिला विचारा म्हटलं, तर धीर होईना.

बुधवारी ताई ठेवणीतली चप्पल घालून निघालेली दिसली. मी दाजींना खूण केली आणि आम्ही दोघे चोरासारखे मागून गेलो. काचेच्या दारातल्या रखवालदाराने सलाम ठोकला, तेव्हाच दाजी गांगरले. आत सवयीने लोकांचे पाय बघायला लागले आणि त्यांचा पुरता गोंधळ उडाला. चकचकीत बुटातले निवृत्त हेडमास्तर सगळ्यात स्वस्त तांदूळ उचलत होते. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणारी बाई, जिला दाजी दहा वर्षं मागच्या पोत्यातला देत आले, ती सगळ्यात महागाचं पाकीट घेऊन रांगेत उभी होती. दाजींनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मी काय केलं होतं कुणास ठाऊक.

ताई तांदळाच्या फळीपुढे होती. आम्ही साबणांच्या आड थांबलो. गणवेशातली एक मुलगी ताईजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, कुठला देऊ?"

ताईने एक पाकीट उचललं, उजेडाकडे धरलं, ठेवलं. दुसरं उचललं. मग पुन्हा पहिलं. घाई कसलीच नव्हती. लग्नानंतर तिला इतकं खुशीत मी फार थोड्या वेळा पाहिलंय, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं.

बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "साध्या तांदळासाठी एवढा वेळ? आपल्या घरी तर..." आणि तिथेच थांबले.

घरी काय जातं ते मला ठाऊक होतं. पुढचं, मधलं, मागचं यांखेरीज दुकानाच्या कोपऱ्यात आणखी एक पोतं असतं. किडलेलं, ओल लागलेलं, जमिनीवर सांडलेलं, कुणी परत आणून दिलेलं, असं सगळं त्यात पडतं आणि तेच घरी जातं. यात दाजींना कधी काही वावगं वाटलं नाही. दुकानदारांकडे असंच चालतं, माझ्या मनगटावरचं घड्याळसुद्धा बंदच आहे. ताईही कधी बोलली नाही. रोज ताट घेऊन निवडत बसायची.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. दाजी पुढच्या पोत्यातला पाच किलो तांदूळ घेऊन आले, ताईसमोर ठेवला आणि उभे राहिले.

ताईने पिशवी उघडली, मूठभर तांदूळ हातात घेऊन वास घेतला.

"याला काय झालंय?"

"काही नाही. पुढच्यातला आहे."

"हो, पण झालंय काय?"

काही नाही, काही नाही, एवढंच ते म्हणत राहिले. ताईने ताट घेतलं आणि खिडकीपाशी बसून निवडायला लागली. एक ताट झालं. खडा नाही, किडा नाही. तिने दुसरं ओतलं. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. दाजी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि तेही वाकून ताटात शोधायला लागले. निदान एखादा खडा निघावा, असं मलासुद्धा वाटायला लागलं.

दुसरं ताटही स्वच्छ निघालं तेव्हा ताईचा हात थांबला. ती रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"अहो, एवढा चांगला आहे," ती म्हणाली, "मग कुणी घेतला कसा नाही?"