चुन्याच्या पट्ट्यातला परका हात

लेकीचं बाळंतपण उरकून एलोदी तीन आठवड्यांनी घरी आली, आणि डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता आधी तळघरात उतरली. लेकीकडे तिला झोप लागली नव्हती. बाळ रडायचं ते रडायचंच, पण खरं कारण वेगळं होतं. तळघराची किल्ली ती गोमारकडे ठेवून गेली होती.

गोमार शेजारचा विधुर. चाळीस वर्षं बिअरच्या भट्टीत पिंपं राखलेला, घरीही थोडीफार बिअर मिसळणारा माणूस, आणि तिच्या नवऱ्याचा, थेओफिलचा, जिवलग. थेओफिल होता तोवर तो हिला वहिनी म्हणायचा. नवरा जाऊन वर्ष उलटलं तशी वहिनीची एलोदीबाई झाली, ईस्टरनंतर नुसती एलोदी. मे महिन्यात तर त्याने सरळच विचारलं, दोन माणसांसाठी दोन चुली कशाला पेटवायच्या? लेकीकडून आले की सांगते, असं ती म्हणाली होती. येताना मनात 'हो' घेऊनच आली होती बिचारी.

पण तिसऱ्या पायरीवरच तिच्या नाकाला काहीतरी खटकलं. फरशी धुतलेली होती!

बेल्जियममधल्या झेन्ने नदीच्या त्या खोऱ्यात बिअरच्या तळघराची फरशी कोणी धुवत नाही. कोळ्याचं जाळंही काढत नाहीत. बिअर आंबवणारा जो काही जीव आहे तो तिथल्या हवेत, लाकडात, धुळीत राहतो, त्याला हाकलायचं कशाला? आणि ज्या पुरुषाने स्वतःच्या घरात कधी बशी विसळली नाही त्याने दुसऱ्याची फरशी घासावी? ज्याला काही लपवायचं असतं तोच पुरुष झाडू हातात धरतो, हे एलोदीला एकसष्ट वर्षांत पुरतं कळलं होतं. ती दिवा घेऊन पुढे सरकली.

मागच्या भिंतीशी साठ बाटल्या आडव्या निजवलेल्या होत्या. 'थेओफिलचं शेवटचं' म्हणायचं सगळं खोरं त्यांना, आणि एलोदी ते कधी खोडून काढत नसे. थेओफिलचं काम म्हणजे भट्टीतून लांबिक, म्हणजे उघड्या हवेवर आंबलेली बिअर, आणायची, पिंपात मुरवायची, मग एक वर्षाची कोवळी, दोन वर्षांची आणि तीन वर्षांची म्हातारी अशी चाखून चाखून मापात मिसळायची. बाटलीत ती पुन्हा फसफसली की तिची ग्यूझ होते. वर चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. चुन्याचा एक पट्टा ओढायचा आणि तो वर येईल अशी बाटली ठेवायची, म्हणजे उचलताना गाळ हलत नाही. पट्टा मात्र ज्याचा त्याचा, सहीसारखा. थेओफिल कुंचला नको इतका बुडवायचा. त्याच्या प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला एक थेंब गोठलेला असायचा, नाक पुसायचं राहिलेल्या पोरासारखा.

एकोणीस बाटल्यांना तो थेंब नव्हता. पट्टे बारीक, सरळ, पट्टीने आखल्यासारखे.

वर येऊन ती अंगणात उभी राहिली तोच कुंपणापलीकडून अलिदाने हाक मारली.

"आलीस का गं? नातू कोणावर गेलाय?"

"अजून कोणावरच नाही. नुसत्या सुरकुत्या. इकडे काय नवीन?"

"काही नाही बाई. आणि मी कशाला कोणाचं सांगू? ब्रुसेल्सची काळी गाडी उभी होती तुझ्या दारात. गोमार खिडकीत डोकं घालून बोलत होता. मी काही बघितलं नाही हो, मी आपली मटार सोलत होते."

"कुठे, स्वयंपाकघरात?"

"फाटकावर."

ब्रुसेल्सचे शौकीन जुन्या बाटल्यांसाठी गावोगाव फिरतात हे कोणाला माहीत नव्हतं? मग मागणी घातली ती कोणाला, बायकोला की तळघराला? दिवसभर तिला गोमारचं सगळंच आठवत राहिलं. जिना उतरताना तिचा हात धरायचा तो. धरायचा की दाराची कडी कुठे आहे ते बघायचा?

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तिने त्याला घरी बोलावलं. टेबलावर पाव, मऊ पांढरं चीज, मुळे मांडले. तो आला तो दोन बोटांना फडकं बांधून.

"हाताला काय झालं?"

"गुलाबाचा काटा."

"तुझ्याकडे गुलाब कधीपासून?"

"रस्त्यावरचा," तो म्हणाला आणि पावाचा मोठा घास घेतला.

एलोदीने बारीक पट्ट्याची बाटली फडक्यात गुंडाळून आणली आणि दोन ग्लास भरले. "सांग, कशी आहे?"

गोमारने वास घेतला, घोट घेतला, छताकडे बघितलं. "थेओफिलचीच. अशी दुसरं कोण करणार?"

"बरं," एलोदीने घोट जिभेवर घोळवला. "त्या साठांतली पहिल्यांदा चिमटा काढते. हिरवं सफरचंद चावल्यासारखी. मग पावसात भिजलेल्या घोड्याच्या पाठीचा वास, आणि गिळल्यावर जुन्या गवताची थोडी गोडी. ही आंबट आहे, चांगली आहे, पण हिच्यात फेसाला धीर नाही. कोवळी घालताना हात आखडला आहे कोणाचा तरी. गोमार, ही तुझी आहे. किती दिले गाडीवाल्याने?"

"गाडीवाल्याने?" गोमारचा घास तोंडातच राहिला. "त्याला मी गावाबाहेरचा रस्ता दाखवला!"

"मग माझ्या एकोणीस बाटल्या कुठे गेल्या?"

त्याने ग्लास खाली ठेवला. बोटावरचं फडकं उगाच घट्ट केलं.

"फुटल्या, एलोदी. तू गेलीस आणि ऊन असं पेटलं की काय सांगू. एक फुटली, तिने शेजारणीला फोडलं, तिने तिच्या शेजारणीला. मी कोंबड्यांना दाणे टाकत होतो, मला वाटलं पुन्हा लढाई सुरू झाली. काचा वेचल्या, फरशी धुतली, माझ्या घरच्या बाटल्या आणून ठेवल्या."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"काय सांगू? बाटल्या कशाने फुटतात? कोवळी जास्त पडली की, तिचा फेस बाटलीत मावत नाही. ज्याच्या जिभेची सगळं खोरं शपथ घेतं तो शेवटच्या मिश्रणात चुकला, हे मी सांगायचं? मेलेल्या मित्राबद्दल? वर तुला मागणी घालून? तूच म्हणाली असतीस, हा त्याला खाली ओढून त्याच्या खुर्चीवर बसायला बघतोय."

म्हणाली असती. अगदी हेच म्हणाली असती. एलोदीने एक मुळा मिठात बुडवला, पुन्हा बुडवला, आणि न खाताच बशीत ठेवला.

"थेओफिल नाही चुकला," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यात औषधांनी त्याची जीभ गेली होती. दूध आणि व्हिनेगर त्याला सारखंच लागायचं. तो खुर्चीत बसून मान हलवायचा, मापं मी घालायचे. कोवळी मी जास्त घातली. पट्टे तेवढे त्याने ओढले, हाताला तेवढंच जमत होतं."

गोमारने हातातला पाव खाली ठेवला.

"म्हणजे त्याच्या अंत्यविधीच्या जेवणाला आम्ही डोळे पुसत पुसत जी प्यालो..."

"ती माझी."

"पाद्रीबाबा म्हणाले, अशी जीभ पुन्हा होणे नाही!"

"ऐकलं मी. त्यांना आणखी एक ग्लास भरून दिला."

"आणि त्याच्या आधीच्या वर्षीची?"

"ती त्याची."

"नक्की?"

"माझ्यावर संशय घेतोस?"

"घेऊ नको?"

तिने दोन्ही ग्लास पुन्हा भरले. "आणखी काय काय लपवलं आहेस, ते आत्ताच ओक."

गोमारने मान खाली घातली. "वय. सदुसष्ट सांगितलं होतं. सत्तर आहे."

"एकाहत्तर. लेकीकडे जायच्या आधीच चर्चच्या वहीत बघून आलेय मी."

"आधीच?"

"मग? नवरा करायचा तर वय बघायला नको?"

त्याच्या डोक्यात ते शिरायला जरा वेळ लागला. शिरलं तेव्हा कानांपर्यंत लाल होऊन हसायला लागला.

"एवढं हसू नकोस," एलोदी म्हणाली. "या हिवाळ्यात मिश्रण दोघांनी करायचं. म्हातारी मी मोजणार, कोवळी तू. आणि मग तू माझं माप मोजायचं, मी तुझं."