सोल्युशन म्हणजे द्रावण

भुसावळला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर सकाळी साडेसहाला यायची. त्या दिवशी आबा, आई, भाऊ आणि मी असे चौघे सहालाच तिथे जाऊन उभे राहिलो होतो. मे महिना निम्मा सरला होता. रावेरकडचा मे तुम्हाला ठाऊक आहे. सकाळीसुद्धा जमीन आदल्या दिवसाचं ऊन धरून असते. माझ्याजवळ आबांची रेक्झिनची बॅग होती, तिची चेन गेलेली म्हणून सुतळीने आवळलेली. दुसऱ्या हातात आईने धुळ्याच्या आत्यासाठी दिलेल्या ज्वारीच्या बिबड्यांची, म्हणजे पापडांची, पिशवी. "पिशवी मांडीवर धर, खाली ठेवू नको, चुरा होईन," एवढंच आई दोनदा म्हणाली. मला वाटलं होतं ती रडेल. तिला बिबड्यांची काळजी होती, किंवा मग तिने ती मुद्दाम लावून घेतली होती.

मी दहावीची परीक्षा दिली होती आणि निकाल लागायचा होता. धुळ्याच्या एका कॉलेजात उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा वर्ग भरणार होता. मराठी शाळेतून सायन्सला जाऊ पाहणाऱ्या मुलांना फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजीची इंग्रजीतून तोंडओळख करून द्यायची, दुसऱ्या आठवड्यापासून रोज प्रयोगशाळेत न्यायचं, असा तो बेत. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी आबांना हे सांगितलं. आबा आठ दिवस गप्प राहिले आणि मग एकदम म्हणाले, "जाय."

त्यांचं गप्प राहणं भाऊमुळे होतं. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शाळेत तो कायम पहिला. जळगावला अकरावी सायन्सला गेला आणि वर्षाच्या शेवटी नापास होऊन घरी आला. पुस्तकं माळ्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी केळीत पाणी द्यायला गेला. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. फाट्यावर गाडी दिसली तेव्हा आबा मला म्हणाले, "सहा आठवडे पाह्य. जमलं तर पुढं जा. नाही जमलं तर परत ये, तुले कोणी काही म्हणणार नाही."

त्या शेवटच्या वाक्याचीच मला धास्ती वाटली. भाऊलाही कोणी काही म्हटलं नव्हतं, आणि ते कसं असतं ते मी वर्षभर पाहत होते.

मला पोचवायला भाऊच आला. भुसावळला गाडी बदलली, नशिराबाद, जळगाव, एरंडोल गेलं, तो खिडकीबाहेर बघत होता. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्याने माझ्यासाठी उसाचा रस आणला आणि म्हणाला, "पहिल्या बाकावर बस. मी मागं बसायचो." नापास झाल्यापासून कॉलेजबद्दल तो बोलला असेल ते हे एक वाक्य.

आत्याचे यजमान सरकारी कचेरीत होते. त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये माझी गादी स्वयंपाकघरात पडायची. आत्या आमच्याच गावची, पण वीस वर्षांत शेजारणींशी पक्की अहिराणी बोलू लागली होती. "तुनं जेवण व्हयनं का?" असं ती मलाही विचारायची आणि स्वतःच हसायची. त्या वेळी मला वाटलं, माणूस इतकं कसं बदलतं. आता माझी मुलगी माझ्या मराठीतले इंग्रजी शब्द मोजते, तेव्हा आत्या आठवते.

वर्गाचा पहिला आठवडा वाईट गेला. मी पहिल्या बाकावर बसले, पण पहिल्या बाकावरही इंग्रजी तेवढंच कळत नव्हतं. फिजिक्सच्या सरांची वाक्यं मी देवनागरीत उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी ती मलाच वाचता यायची नाहीत. शाळेत मला जे पाठ होतं, ते इथे वेगळे कपडे घालून समोरून जात होतं आणि मला ओळख देत नव्हतं. शुक्रवारी मी आत्याला म्हणाले की मला घरी जायचंय. आत्या कणीक मळत होती. ती म्हणाली, "सोमवारची लॅब तेवढी कर. मग मी स्वतः गाडीत बसवते तुला."

लॅबमध्ये नाना होते. नाना म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. वय पन्नाशीच्या पुढे, खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. बाटल्या भरणं, काच धुणं, स्टँड मांडणं हे त्यांचं काम. स्वतः सातवीपर्यंत शिकलेले, पण कुठल्या बाटलीत काय आहे ते चिठ्ठी न वाचता सांगायचे. मी काचेची लांब नळी दोन्ही हातांनी आवळून धरलेली पाहून ते जवळ आले.

"कोठनी शे तू?"

मी गाव सांगितलं.

"केळीवाली शे तर. हाई ब्युरेट शे. काच शे, हळू धर. बठ्ठाच पोरं पहिला दिन घाबरतस."

त्यांनी मला प्रत्येक वस्तूचं नाव एकेकदा म्हणायला लावलं. इंग्रजीच नावं, पण त्यांच्या तोंडून ती आमच्या फाट्यावरच्या दुकानातल्या सामानासारखी साधी वाटायची. केमिस्ट्रीचे सर हे ऐकत असावेत. ते तरुण होते, स्वतः साक्रीकडच्या खेड्यातून आलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना वहीत तीन रकाने आखायला सांगितले. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, आणि तिसऱ्यात तो शब्द आपण डोळ्यांनी कुठे पाहिला ते. मी लिहिलं: प्रेसिपिटेट, अवक्षेप, परीक्षानळीच्या तळाशी बसलेला पांढरा गाळ. मला आठवतंय, त्या दिवशी मी आत्याला गाडीचं काही विचारलं नाही, आणि तिनेही नाही.

तिसऱ्या आठवड्यात भाऊ आला. आबांनी त्याला धुळ्याला पंपाचा सुटा भाग आणायला पाठवलं होतं. दुकान दुपारी उघडणार होतं, म्हणून सकाळी मी त्याला कॉलेजात घेऊन गेले. त्याला बाहेर लिंबाखाली बसायचं होतं. नानांनी त्याला दारात पाहिलं, वर्गातलाच कोणी उशिरा आलेला समजले आणि म्हणाले, "उभा काय ऱ्हायना? ये आठे." आणि माझ्या शेजारच्या स्टँडपाशी त्याला उभं केलं.

सर आले, त्यांनी पाहिलं, मी घाईघाईने सांगितलं की हा माझा भाऊ आहे. सर म्हणाले, "असू द्या. करू द्या त्यालाही."

प्रयोग टायट्रेशनचा होता. खालच्या चंबूत आम्ल, वरच्या ब्युरेटमध्ये अल्कली, आणि थेंब थेंब सोडत रंग गुलाबी होईपर्यंत जायचं. भाऊने शेतात बारीक तोटी सोडताना धरतो तशी ब्युरेटची चावी धरली. माझं पाणी दोनदा गडद गुलाबी होऊन वाया गेलं होतं. त्याचं पहिल्याच खेपेला इतकं फिकं गुलाबी झालं की नानांनी चंबू उचलून खाली पांढरा कागद धरला तेव्हा दिसलं. "याले म्हनतस हात," नाना म्हणाले.

नंतर आम्ही लिंबाखाली बसलो. त्याने माझी तीन रकान्यांची वही मागितली आणि बराच वेळ वाचत राहिला. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "सोल्युशन म्हणजे द्रावण?"

मी हो म्हणाले.

"मी समजत होतो उत्तर. गणिताचं सोल्युशन असतं तसं. सर म्हणायचे टेक टेन एमएल ऑफ द सोल्युशन, आणि मी विचार करत बसायचो की उत्तर मोजून कसं घेतात." त्याने पान उलटलं. "आणि सॉल्ट म्हणजे क्षार. मी वर्षभर मीठ धरून चाललो."

मी म्हणाले, "कोणाला विचारायचं ना."

"सगळे मान डोलवायचे. म्हणून मीपण."

हे सांगताना तो हसत होता. मी हसले नाही. तो जळगावला एकटाच राहायचा आणि रविवारी घरी आला की आई त्याच्यासाठी वांग्याचं भरीत करायची. तो दोन भाकरी जास्त खायचा आणि सगळं बरं चाललंय म्हणायचा. ते वर्ष त्याने कसं काढलं असेल, हे मला त्या लिंबाखाली पहिल्यांदा कळलं.

त्याने आबांना निरोप धाडला की पंपाचा भाग मिळायला चार दिवस लागतील. भाग पिशवीतच होता. चार दिवस तो माझ्या शेजारी उभा राहिला, फिजिक्सच्या तासालाही बसला. सरांनी त्याला सांगितलं की बाहेरून परीक्षा द्यायला सतरा नंबरचा फॉर्म असतो तसे पुन्हा बसायचे मार्ग असतात, मी चौकशी करतो. त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी भाऊने घडी करून खिशात ठेवली होती.

पाचव्या दिवशी आत्याच्या यजमानांच्या कचेरीत ट्रंक कॉल आला. आमच्याकडे वादळ झालं होतं. केळीचा बाग आडवा झाला होता, घड कापणीला पंधरा दिवस राहिलेले.

मीही बॅगेला सुतळी बांधायला घेतली. भाऊने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तू थांब."

"आबा एकटे आहेत."

"म्हणून मी चाललो. दोघं गेलो तरी पडलेली केळ उभी राहत नाही. परीक्षा दे."

मी म्हणाले की मग तुझं काय. तो म्हणाला, "पाहू." आमच्याकडे पाहू म्हणजे नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. धुळ्याच्या स्टँडवर तो जळगावच्या गाडीत चढला आणि मी खाली उभी राहिले. घर सोडल्याची तारीख कोणी मला विचारली तर मी हा दिवस सांगते. फाट्यावरून निघाले त्या दिवशी मी परत जाणार हे मनात धरलेलं होतं.

पुढचं इथे अमेरिकेत आलेल्या तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे, कारण तुमचंही साधारण तसंच झालं. मी वर्गाच्या परीक्षेत पास झाले, आत्याकडे राहून धुळ्यालाच अकरावी-बारावी केली, पुढे पुण्याला एम.एस्सी., आणि मग स्कॉलरशिपवर अमेरिकेत कॅन्ससला. भाऊने बाग पुन्हा लावला. कॉलेजात तो परत गेला नाही. नंतर आमच्याकडे ठिबक आलं आणि विहिरीच्या जड पाण्याने नळ्यांची तोंडं बंद पडू लागली. ती मोकळी करायला ॲसिड सोडावं लागतं. किती सोडायचं ते भाऊ आधी आपल्या विहिरीच्या मोजून घेतलेल्या पाण्यात थेंबाथेंबाने टाकून, लिटमस लावून ठरवतो. आसपासचे शेतकरी बाटलीत आपापलं पाणी घेऊन त्याच्याकडे येतात. आईने पत्रात लिहिलं होतं, "भाऊच्या ओट्यावर नुसत्या बाटल्या."

इथे गेल्या उन्हाळ्यात डिपार्टमेंटने मला समर टर्मला इंट्रो केमिस्ट्री शिकवायला दिलं. आठ आठवडे, रोज लेक्चर आणि लॅब. वर्गात नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुली, एक चाळिशीचा ट्रक ड्रायव्हर, दोन मुलांना डे-केअरमध्ये ठेवून येणारी एक आई. पहिल्याच टेस्टमध्ये निम्मा वर्ग पडला. मी पेपर घेऊन एकेकाला ऑफिसात बोलावलं. तो ट्रक ड्रायव्हर टोपी हातात फिरवत बसला होता. मी त्याला विचारलं की सॉल्ट म्हणजे काय. तो म्हणाला, जेवणात घालतो ते. मी दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. इंग्रजी ज्यांच्या आईची भाषा, त्यांचंही तेच उत्तर.

त्या शनिवारी मी घरी फोन लावला. फोन भाऊने उचलला. पाऊस, केळीचा भाव, आबांचा गुडघा, सगळं झालं. मग मी त्याला हे सांगितलं. ती माणसं जन्मापासून इंग्रजी बोलतात, आणि सॉल्ट म्हणजे मीठच धरून चालतात.

त्याने तिकडे कोणाला तरी रेडिओ बंद करायला सांगितला.

"गोऱ्यांची पोरं?" त्याने विचारलं.

"हो. निम्मा वर्ग."

"मग मी एवढा काही ढ नव्हतो," भाऊ म्हणाला.

"नव्हतास," मी म्हणाले. हे त्याला सांगायला मला चौदा वर्षं लागली होती, आणि त्याने ती चौदा वर्षं स्वतःला ढ समजत काढली होती. तो म्हणाला, "आईले देतो," आणि फोन दिला.

आईला कॅन्ससचं काही विचारायचं नसतं. तिने जेवलीस का विचारलं. मी म्हणाले, "जेवले. आता तीन दिवस सुट्टी आहे, घरीच आहे."

"कोणत्या घरी?" आई एकदम म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. क्षणभर तिला खरंच वाटलं असावं की मी भुसावळला उतरून फोन करतेय.

"इथल्या, आई."

"हां. बरं."

तेव्हापासून मी तिच्याशी बोलताना घर हा शब्द मोकळा सोडत नाही. इथलं घर म्हणते, नाहीतर तिथलं घर. दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींना मला एकेक शब्द आधी जोडावा लागतो, इतकं मला आता घराबद्दल सांगता येतं. आईला जोडावा लागत नाही. परवाच्या फोनवर तिने विचारलं, "घरी कधी येती?" मी विमानाचं तिकीट काढलेलं नव्हतं, सुट्टीचा अर्जही दिलेला नव्हता. तरी मी तिला तारीख सांगितली, आणि तिने ती मोठ्याने म्हणून भाऊला भिंतीवर लिहायला लावली.