खांद्यावरचा डाग

एकाहत्तरच्या लढाईला निघताना छावणीत हुकूम सुटला. पलटणीच्या नावाची पट्टी खांद्यावरून काढा, कोण आलंय ते शत्रूला कळता कामा नये. गंगावेशीतल्या चन्नवीर शिंप्यानं ढीगभर शर्ट उसवले. कापड उन्हानं विटलेलं, त्यामुळं पट्टी निघाली की खाली गडद डाग उरायचा. उरला तर उरू दे, म्हणाला. पण त्याच पलटणीतल्या आपल्या पोराच्या, बसलिंगच्या शर्टाला त्यानं सोड्याचं पाणी लावलं, दिवसभर उन्हात धरलं आणि रंगाला रंग मिळवला.

माघात कागद आला, बसलिंग बेपत्ता. मग त्याच्या पलटणीतला एकजण घरी आला.

"चेहरं वळखू येत न्हवतं, मामा. गळ्यातलं बिल्लं गावलं न्हाईत. खांद्यावरच्या डागावरनं आपली मानसं वळखली, अंगावरच्या खुणा बघून नावं लावली, माती दिली. त्यात बसलिंग न्हवता."

"समद्यास्नी डाग व्हता?"

"एक सोडून. त्याच्या शर्टाला कधी पट्टी लावलीच न्हवती जणू. आपला नसंल म्हनून बाजूला ठेवला."

आतून बसलिंगची आई गंगव्वा म्हणाली, "मग आपला बसलिंग जित्ता हाय की."

चन्नवीर आपल्या हातांकडं बघत राहिला.