औषधी मोदक

गेल्या गणेश चतुर्थीला आमच्या बाप्पाने सांधेदुखीचे मोदक खाल्ले, आणि ते मी केले होते.

मला संधिवात आहे. "बरा होणार नाही, आटोक्यात राहील," असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आठवड्यातून एकदा गोळी असते. ती घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळतं, चुकली तर बोटांची वांगी होतात. (भरताची नव्हे, भरल्या वांग्यांची. उगाच अतिशयोक्ती नको.)

चतुर्थीच्या तोंडावर ह्यांनी भीत भीत विषय काढला. "अगं, यावर्षी मोदक बाहेरून आणू या का? कर्वेनगरात हल्ली छान मिळतात."

"आणा की! बायकोही मिळते का बघा!"

मी बोलून गेले, पण आतून घाबरले होते. लग्न होऊन आल्यापासून नैवेद्याचे एकवीस मोदक माझ्याच हातचे. कोणाचंही कौतुक न करणाऱ्या सासूबाई माझ्या मोदकांच्या कळ्या मात्र शेजारणींना बोलावून दाखवायच्या. त्या कळ्या गेल्या तर माझ्याकडे काय उरतं? गोळ्यांची डबी! हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी बोटं मिटेनात. सून सई म्हणाली, "आई, मी करते ना! यूट्यूबवर बघितलंय."

"तू दूर्वा निवड," म्हणून मी बाथरूममध्ये शिरले आणि बोटांना सांधेदुखीचं तेल चोळलं. भरपूर! निर्गुडी, कापूर, ओवा, सगळं त्यात. मग साबणाने हात धुतले, हुंगले. वास नाही! (येणार कसा? त्या तेलापुढे आमच्या घरातल्या सगळ्या नाकांनी केव्हाच हात टेकले होते.)

गरम उकड मळायला घेतली आणि काय सांगू, बोटं सुटली! कळ्या अशा पडल्या की माझेच डोळे भरून आले.

"आई, एक चाखून बघू?"

"नैवेद्याआधी? खबरदार!"

आरती झाली, नैवेद्य झाला, पानं मांडली. येरवड्याहून आलेल्या माझ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, मोदक फोडला, तूप सोडलं, घास घेतला आणि त्या थांबल्या.

"वहिनी, कळ्या सुरेख. फक्त एवढं सांगा, हा खायचा की गुडघ्याला लावायचा?"

ह्यांनी घास घेतला. सईने घेतला. दोघांचेही हात एकदमच पाण्याच्या पेल्याकडे गेले!

"कापूर जरा पुढे आहे," हे हळूच म्हणाले.

मी चाखला. मलाही गिळवेना. उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. वासासाठी नाही, त्या कळ्यांसाठी. इतक्या सुंदर, बहुधा माझ्या शेवटच्या.

सई मागोमाग आली. तिने माझी सुजलेली बोटं हातात घेतली.

"आई, मला शिकवाल? अगदी तुमच्यासारख्या?"

मी 'हो' म्हटलं. एकवीस मोदक वळायला लागलं नव्हतं तेवढं बळ त्या एका शब्दाला लागलं.

यंदा कळ्या सईने घातल्या. जरा वाकड्या, पण फाटल्या नाहीत. मी शेजारी खुर्ची टाकून तोंड चालवत होते, कारण तेवढाच एक अवयव माझा सुजत नाही. माझ्या हाती फक्त सारण ढवळायचं काम होतं, तेही लांब दांड्याच्या उलथन्याने.

ढवळून झाल्यावर ह्यांनी आधी सारण हुंगलं, मग उलथनं, आणि खात्री म्हणून शेवटी मला!