वरातीत वाजलेलं माझं रडणं

आमच्या तांड्यात सासरी निघालेली मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, म्हणजे रडत रडत गाते. शब्द तिचे स्वतःचे असतात. माझा चुलतभाऊ पुढं मुंबईत जाऊन रॅपर झाला. ज्या गाण्यानं तो गाजला, त्यात माझाच ढावलो आहे, खाली दणदणीत ठोका लावलेला. परवा कळंबला एका वरातीत पोरं त्यावर बेभान नाचत होती. मी तिथूनच त्याला फोन लावला.

"माह्यं रडणं काहून घेतलं रे? मले विचारलं होतं काय?"

"लोकगीत आहे ना ते, ताई. कोणा एकाचं थोडीच रायते!"

लोकगीत म्हणे! भावा, मला विसरू नको, असं त्यात मी त्यालाच विनवते आहे. तेव्हा माझे हात त्याच्या गळ्यात होते आणि त्याच्या खिशात मोबाइल चालू होता.