नळीवरचा नंबर

आबांनी ती जुनी दुनळी बंदूक घरी आणली तेव्हा आई म्हणाली, याच्यापेक्षा आपला वरवंटा देखणा आहे. तिचं बरोबरच होतं. दस्त्यावरचं व्हार्निश तडकून काळं पडलेलं आणि दोन्ही नळ्यांवर तपकिरी गंज. शहाडच्या एका घरात ती कित्येक वर्षं पडून होती. नळीवर कोरलेला नंबर रीतसर परवान्यावर चढवून आबांनी ती विकत घेतली होती.

आबा फौजेतून निवृत्त झालेले. नंतर ज्या गिरणीत ते पहारा करायचे, ती बंद पडली. डोंबिवलीतल्या एका बँकेला स्वतःची बंदूक असलेला पहारेकरी हवा होता. पोलिसांनी बंदूक तपासून परवान्यावर शेरा दिला, की नोकरी पक्की. त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत होती.

मी नुकताच बी.एस्सी. होऊन एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. मुरबाडच्या शाळेपासून कल्याणच्या कॉलेजापर्यंतचं माझं शिक्षण आबांच्या पहाऱ्यावरच झालं होतं. म्हणून या कामाला आपलाही हात लागावा, असं मला मनापासून वाटत होतं.

आबांनी बंदूक सुटी केली आणि लाकूड स्वतःकडे ठेवलं. फुटक्या काचेच्या धारेने व्हार्निश हलके हलके खरवडायचं, बारीक पॉलिश पेपर मारायचा, मग तळहाताने अळशीचं तेल चोळून जिरवायचं. रोज थोडंच. चौथ्या दिवशी काळ्या दस्त्यातून अक्रोडाच्या रेषा दिसू लागल्या आणि आईनेही वाकून पाहिलं.

नळ्या माझ्याकडे होत्या. रॉकेलच्या बोळ्याने गंज तेवढा उतरव, चमक आणू नकोस, असं आबांनी बजावलं होतं. नळ्या पुन्हा काळ्या करायचं काम ठाण्याचा कारागीर करणार होता. पण फौजी माणसाच्या हातातली वस्तू चकाकलीच पाहिजे, असं माझं मत. आबा पाठमोरे बसून तेल चोळत होते. मी खरखरीत एमरी पेपर घेतला आणि तासभर जोर लावून घासलं. धातू रुप्यासारखा पांढरा निघाला. मोठ्या खुशीत मी नळ्या आबांच्या हातात दिल्या. त्यांनी अंगठा फिरवला, मग पुन्हा त्याच जागी फिरवला.

"नंबर कुठंय रे?"

पाच आकड्यांपैकी दोनच उरले होते, तेही पुसट. आबा रागावले नाहीत, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. नंबर नसलेली बंदूक चोरीची ठरते, हे मलाही कळत होतं. नोकरी दूरच, परवानाही गेला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याला गेलो. म्हाताऱ्या कारागिराने आधी नळी पाहिली, मग मला पाहिलं. मुलगा शिकलेला दिसतोय, असं तो आबांना म्हणाला. नंबर पुन्हा ठोकून द्याल का, असं मी विचारलं.

"मी ठोकला, तर आपण तिघंही आत जाऊ," तो म्हणाला. "आधी पोलिसांना सांगा, मग माझ्याकडे या."

मग त्याने नळ्या उलट्या करून बुडाची सपाट बाजू दाखवली. बंदूक मिटली की ती झाकली जाते. तिथेही तोच नंबर होता, अगदी स्वच्छ.

संध्याकाळी मी आबांच्या नावाने पोलिसांना अर्ज लिहायला बसलो. आबा म्हणाले, घासताना माझ्याकडून झालं, असं लिही. पुढे मला सरकारी नोकरीसाठी पोलिसांचा दाखला लागेल, ही त्यांची काळजी. मी खोटं लिहिणार नाही म्हणालो. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"मग अक्षर तरी चांगलं काढ."

मुलाने अजाणतेपणी नंबर घासला, असं मी लिहिलं. आबांनी प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत अर्ज वाचला आणि सही केली.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी अर्ज वाचून मला विचारलं, "बी.एस्सी.ला हेच शिकवतात का?"

नाही साहेब, मी म्हणालो. आबा शेजारी सावधान उभे. साहेबांनी बुडाचा नंबर परवान्याशी दोनदा ताडून पाहिला आणि आतला नंबर जुळतो, असा शेरा लिहिला. घासलेल्या जागेला मात्र कोणीही हात लावायचा नाही, ती आहे तशीच दिसली पाहिजे, असं बजावलं.

त्यामुळे ठाण्याच्या कारागिराकडून नळ्या निळसर काळ्या होऊन आल्या, तरी अंगठ्याएवढी जागा पांढरीच राहिली. आबा पुढे बरीच वर्षं त्या बँकेच्या दाराशी उभे राहिले. गंज चढू नये म्हणून दर रविवारी त्या जागेला तेलाचं बोट लावायचे. एखाद्या खातेदाराने हे पांढरं काय, असं विचारलंच, तर म्हणायचे, "ते आमच्या ग्रॅज्युएटचं काम."